भिंतीसाठी अर्ज

भायखळ्यात लहानाचा मोठा झाल्यामुळे मागेन डेव्हिड सिनेगॉगचा निळा मनोरा माझ्या रोजच्या वाटेवरचा. मुंबईचे ज्यू म्हणजे एकच समाज, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. इतिहास वाचू लागलो तेव्हा हा समज एका अर्जापाशी अडला.

कोकणातले बेने इस्राएल इथले जुने. तेलघाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दिवेकर, पेणकर, केहीमकर ही आडनावे गावांवरून आलेली. घरची भाषा मराठी. कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मांडवीत मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. पुढे लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले.

बगदादी ज्यू नंतर आले. दाऊद पाशाच्या जाचामुळे बगदाद सोडलेले डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत पोहोचले. या अरबी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांचे सुरुवातीला स्वतःचे सिनेगॉग नव्हते. ते बेने इस्राएलांच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना करत. दफनभूमीही एकच होती. मात्र १८३६ मध्ये ससून आणि इतर काही बगदाद्यांनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत दोन समाजांच्या मधे भिंत घालावी. ज्यांनी आसरा दिला, त्यांच्या शेजारी मातीतही नको!

कारण धर्माचे सांगितले जाई. घटस्फोटाचे धर्मनियम बेने इस्राएल पाळत नाहीत, त्यांच्यात बाहेरचे रक्त मिसळले आहे, असा आक्षेप होता. मला त्यात दुसरी भीतीही दिसते. राज्यकर्त्या गोऱ्यांच्या नजरेत आपण ‘नेटिव्ह’ ठरू नये, ही नवागताची धडपड. भायखळ्याचे मागेन डेव्हिड १८६१ मध्ये उभे राहिले आणि प्रार्थनाही वेगळी झाली.

तरी व्यवहार सगळा तुटला नाही. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये बेने इस्राएल मुलांसाठी काढलेल्या शाळेला पुढे सर एली कदूरी या बगदादी दानशूराचे नाव मिळाले. वाद मात्र रंगूनपर्यंत गेला. तिथल्या सिनेगॉगमधील हक्कांसाठी बेने इस्राएलांना १९३० च्या दशकात कोर्टाची पायरी चढावी लागली. निकाल त्यांच्या बाजूने लागला.

इस्राएलमध्ये तर तेच नवागत ठरले. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. जुनाच आक्षेप, नव्या देशात. आंदोलने झाली. अखेर १९६४ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले.

स्वातंत्र्यानंतर बहुतेक बगदादी मुंबई सोडून गेले. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. आज मागेन डेव्हिडमध्ये ती संख्या भरते, ती मुख्यतः बेने इस्राएलांमुळे. ज्यांच्यापासून वेगळे होण्यासाठी हे सिनेगॉग बांधले, त्यांनीच ते जागते ठेवले आहे.