गोलातली लढाई : ब्राँक्स, मुंबई आणि भिवंडी

भिवंडीच्या गल्लीत रात्री उशिरा फिरलात तर दोन आवाज कानावर येतात. एक पावरलूमचा. तो इथं जन्मलेल्या प्रत्येकाच्या झोपेत मिसळलेला असतो. दुसरा अलीकडचा. बंद दुकानाच्या पायरीवर मोबाइल ठेवून पाच-सात पोरं गोल करून उभी असतात. एक जण हातवारे करत यमक जुळवतो, दुसरा त्याला उत्तर देतो, बाकीचे ओरडून दाद देतात. कधी शब्दांऐवजी अंग बोलतं. जमिनीवर पुठ्ठा अंथरून एखादा डोक्यावर गिरकी घेतो.

अशाच एका घोळक्याकडे बोट दाखवून शेजारचे चाचा मला म्हणाले, "ये सब अमरीका का कचरा है बेटा. अपने यहां ये कभी था क्या?" मी तेव्हा गप्प बसलो. त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर इथं लिहितो आहे.

चाचांचं निम्मं म्हणणं खरं आहे. हिपहॉप अमेरिकेतून आलं. पण अमेरिकेच्या कोणत्या भागातून, हे पाहिलं पाहिजे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून मोठा हमरस्ता काढताना हजारो गरीब कुटुंबं उठवली गेली. कारखाने गेले, घरं जळू लागली, पोरं टोळ्यांत शिरली. डिसेंबर 1971 मध्ये टोळ्यांचं भांडण मिटवायला गेलेल्या 'ब्लॅक बेंजी' नावाच्या तरुणाला ठार मारलं गेलं. तो 'घेटो ब्रदर्स' या टोळीचा शांतिदूत होता. सगळ्यांना वाटलं, आता रक्ताचे पाट वाहणार. पण त्याच्या टोळीच्या म्होरक्यांनी बदला घ्यायला नकार दिला. 8 डिसेंबरला हो अव्हेन्यूवरच्या एका क्लबमध्ये टोळ्यांची बैठक झाली आणि तह झाला.

तहामुळे एका वस्तीतल्या पोरांना दुसऱ्या वस्तीत जाता येऊ लागलं. 11 ऑगस्ट 1973 रोजी सेजविक अव्हेन्यूवरच्या 1520 क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीनं शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट तिकीट. तबकड्या वाजवायला तिचा जमैकात जन्मलेला भाऊ होता, डीजे कूल हर्क. गाण्यात जिथं फक्त ताल उरतो तो तुकडा, म्हणजे 'ब्रेक', तो लांबवत असे. त्या तुकड्यावर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. हिपहॉपचा जन्म या रात्रीपासून मोजतात. सुऱ्या पूर्णपणे म्यान झाल्या असं नाही. पण भांडण गोलात उतरून, अंगाला हात न लावता मिटवण्याची एक रीत पोरांच्या हाती आली.

पुढे या रीतीला वार्षिक स्पर्धांचं रूप मिळालं. 1990 मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरला 'बॅटल ऑफ द इयर' सुरू झाली. 2004 पासून 'रेड बुल बीसी वन' ही एकास एक स्पर्धा दरवर्षी होऊ लागली. 9 नोव्हेंबर 2019 ला तिची जागतिक अंतिम फेरी मुंबईत वरळीला झाली. नेदरलँड्सचा मेनो आणि रशियाची कास्टेट जिंकले. जोगेश्वरीचा आरिफ चौधरी, ज्याला सगळे 'फ्लाइंग मशीन' म्हणतात, तो या स्पर्धेच्या भारतीय फेऱ्यांतूनच पुढे आला. 2024 मध्ये तर ब्रेकिंग पॅरिस ऑलिंपिकपर्यंत पोचलं. शब्दांच्या बाजूला कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे नेझी, होता. 2014 मध्ये त्याचं 'आफत' आलं. त्याच्या आणि डिव्हाइनच्या आयुष्यावरून स्फुरलेल्या 2019 च्या 'गली बॉय'चा शेवटही एका स्पर्धेवरच होतो.

या स्पर्धेचे नियम बघा. गाणं कोणतं, हे नाचणारा ठरवत नाही. डीजे वाजवेल त्यावर नाचायचं. पाळी आळीपाळीनं. समोरच्यानं जे केलं त्याला उत्तर द्यायचं, त्याचीच चाल चोरली तर नाचक्की. अंगाला स्पर्श नाही.

आता चाचांच्या दुसऱ्या वाक्याकडे येतो. "अपने यहां ये कभी था क्या?" होतं, चाचा.

तरही मुशायरा आठवा. त्यात एक मिसरा आधी दिला जातो. सगळ्या शायरांनी त्याच वजनात, त्याच काफिया-रदीफमध्ये गझल लिहून आणायची. सगळ्यांना ताल एकच, कस ज्याचा त्याचा. कव्वालीचे मुकाबले आठवा. समोरासमोर दोन पार्ट्या, सवालाला जवाब, आणि पहाटेपर्यंत न हलणारी गर्दी. शकीला बानो भोपालींसारखी बाई त्या मंचावर पुरुषांच्या तोडीस तोड उभी राहत असे.

आणि हे फक्त उर्दूतलं नाही. मराठीतला कलगी-तुरा हाही असाच सामना. तुरेवाले शिवाला मोठं मानणार, कलगीवाले शक्तीला. आणि डफ-तुणतुण्यावर रात्रभर कवनांतून कोडी घालायची नि सोडवायची. परंपरा सांगते की तुऱ्याचा मूळ पुरुष तुकनगीर गोसावी आणि कलगीचा शाहअली फकीर. कथा खरी असो वा रचलेली, ती सांगणाऱ्यांना या सामन्यात एक हिंदू आणि एक मुसलमान हवा होता, हे महत्त्वाचं. कोकणात आणि मुंबईत शक्ती-तुऱ्याचे सामने आजही लागतात. सगनभाऊ जेजुरीचा, शिकलगाराचा धंदा करणारा मुसलमान. होनाजी बाळाच्या काळात मराठी लावणी-पोवाड्यात त्यानं नाव काढलं. सवाल-जवाबाच्या मराठी फडात आपण पाहुणे नव्हतो, घरचे होतो. ही गोष्ट आपल्या पोरांना कुणी सांगितलेली नाही, आणि त्यांच्या मराठी दोस्तांनाही नाही.

हे सगळं भिवंडीत बसून लिहायला एक कारण आहे. ब्राँक्ससारखी आपली भिवंडीही जळलेली आहे. मे 1970 मध्ये जळली. न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल त्यावरच आहे. मे 1984 मध्ये पुन्हा जळली. त्यानंतर 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं एका सतरंजीवर बसवली, आणि भांडण रस्त्यावर जाण्याआधी तिथं बोलायची सवय लावली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. हो अव्हेन्यूवरच्या बैठकीत जे घडलं, त्याच जातीचं काम आपल्या गावानंही केलं आहे.

पण ब्राँक्समध्ये तहानंतर पोरांना एकत्र येण्याचं निमित्त मिळालं. आपल्याकडे तह झाला, निमित्त मात्र फारसं मिळालं नाही. मोहल्ले वेगळे, शाळा वेगळ्या, भाषा वेगळ्या. गोलात उभं राहायचं तर पोरं मुंबई गाठतात. मुलींना तर गल्लीतला तो पुठ्ठाही मिळत नाही.

संगीत जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे जुना आहे. ज्याला ते पटत नाही त्यानं जाऊ नये, त्याच्या श्रद्धेचा मला आदर आहे. काही रॅपमध्ये शिव्या असतात, हेही खरं. तरही मुशायऱ्याला जसा मिसरा देतात तसा इथं विषय द्या; शिवी आपोआप मागे पडेल. पण आवाज बंद करायला पोलीस बोलावणं आणि नंतर "आजकालची पोरं बिघडली" म्हणणं, हे दोन्ही एका तोंडानं शोभत नाही.

वर्षातून एक संध्याकाळ. एखाद्या शाळेचं सभागृह, मध्ये मोकळी जागा, उर्दू, हिंदी, मराठी, तेलुगू अशा भिवंडीच्या सगळ्या भाषांना मुभा. पंचांमध्ये एक शायर, एक शाहीर आणि एक बी-बॉय. मुलींची फेरी आधी. खर्च एका लग्नाच्या मांडवाएवढाही येणार नाही.

चाचा, पहिल्या रांगेतली खुर्ची तुमची. पोरांनी विचारलं तर त्यांना सगनभाऊची गोष्ट तुम्हीच सांगा.