केमोथेरपी नको, हे सिद्ध करताना

कर्करोगाच्या गाठीतील जनुकांची चाचणी आता आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही परिचयाची झाली आहे. पण अहवाल जाडजूड असणे वेगळे आणि उपयोगी असणे वेगळे. चाचणीमुळे उपचाराचा निर्णय बदलला का, आणि त्या बदलाने रुग्णाचे भले झाले का, या दोन प्रश्नांवर तिची पारख होते. स्तनाच्या कर्करोगावरच्या एका चाचणीला या पारखेतून जाण्यास चौदा वर्षे लागली.

२००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने शिफारस केली, की गाठ १ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर काखेतल्या ग्रंथींपर्यंत रोग पोचलेला नसला तरी बहुतेक स्त्रियांना केमोथेरपी सुचवावी. यांतल्या पुष्कळ जणींना तिची गरज नाही, हे डॉक्टर जाणून होते. नेमकी कोणाला नाही, हे मात्र सांगता येत नव्हते. त्यामुळे मूठभर स्त्रियांच्या लाभासाठी उलट्या, केस गळणे, जंतुसंसर्ग, अकाली बंद होणारी पाळी हे सारे सर्वांच्याच वाट्याला येई.

उत्तराचा धागा जुन्या साठ्यात सापडला. टॅमॉक्सिफेन या हॉर्मोनविरोधी गोळीच्या एका चाचणीत १९८२ ते १९८८ या काळात सहभागी झालेल्या स्त्रियांच्या गाठींचे तुकडे पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवलेले होते. त्या स्त्रियांचे पुढे काय झाले, याची नोंदही होती. सूनम्युंग पैक आणि सहकाऱ्यांनी अशा ६६८ गाठींतील २१ जनुकांची सक्रियता मोजली आणि तिच्यावरून ० ते १०० असा अंक काढला. आईकडून मुलीकडे येणारा दोष शोधणारी ही चाचणी नव्हे. खुद्द गाठीचा स्वभाव ती पाहते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कमी अंकाच्या स्त्रियांपैकी ६.८ टक्के, तर जास्त अंकाच्या स्त्रियांपैकी ३०.५ टक्के जणींचा रोग दहा वर्षांत शरीरात इतरत्र पसरलेला दिसला. ‘ऑन्कोटाइप डीएक्स’ या नावाने चाचणी बाजारात आली.

जनुकांच्या आकड्यांवर किती विसंबावे, याचा कठोर धडा त्याच सुमारास मिळाला. ड्यूक विद्यापीठाच्या अनिल पोट्टी आणि जोसेफ नेव्हिन्स यांच्या गटाने २००६ मध्ये दावा केला, की जनुकांवरून कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे ओळखता येते. टेक्सासमधल्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आकडे पुन्हा तपासले. तक्त्यातल्या ओळी एका घराने सरकलेल्या होत्या. काही ठिकाणी ‘औषधाला दाद देणारे’ आणि ‘न देणारे’ यांची अदलाबदल झाली होती. तोवर या पद्धतीवर आधारलेले उपचार प्रत्यक्ष रुग्णांवर सुरू झाले होते. ते २०१० मध्ये बंद झाले, शोधनिबंध मागे घेतले गेले आणि २०१५ मध्ये पोट्टी यांच्यावर संशोधनातील गैरवर्तनाचा अधिकृत ठपका आला.

ऑन्कोटाइपच्या बाबतीत वाट वेगळी निघाली. जुन्या ठोकळ्यांवर समाधान न मानता २००६ मध्ये ‘टेलरएक्स’ ही नवी चाचणी सुरू झाली. तिला अमेरिकी टपाल खात्याच्या स्तनकर्करोग तिकिटाच्या विक्रीतूनही पैसा मिळाला. दहा हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद झाली. अंक ११ ते २५ या संदिग्ध पट्ट्यात आलेल्या ६,७११ जणींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली: काहींना केवळ हॉर्मोनविरोधी उपचार, काहींना त्याबरोबर केमोथेरपी. २०१८ मध्ये निकाल लागला. नऊ वर्षांनंतर पहिल्या गटात ९३.९ टक्के, दुसऱ्या गटात ९३.८ टक्के स्त्रिया हयात होत्या. या पट्ट्यातल्या बहुतेकींना केमोथेरपीची गरज नव्हती, हे आता पुराव्यानिशी म्हणता आले.

पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांचे चित्र मात्र निराळे होते. त्यांचा अंक २१ ते २५ असेल तर केमोथेरपीने रोग दूर पसरण्याचे प्रमाण सुमारे साडेसहा टक्क्यांनी कमी झाले. केमोथेरपीने पाळी थांबते, हा लाभ काही अंशी त्यातूनच येत असावा, असा एक तर्क आहे. तो खरा असेल, तर अंडाशयाचे कार्य औषधाने थांबवूनही तो मिळू शकेल.

आपल्याला हा अपवादच अधिक जवळचा आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात हा रोग सरासरी दहाएक वर्षे आधी आढळतो. लोकसंख्या तरुण असणे हे त्याचे एक कारण. निदानही अनेकदा उशिरा, ग्रंथींपर्यंत रोग पोचल्यावर होते. टेलरएक्समध्ये ग्रंथी निरोगी असलेल्या स्त्रियाच होत्या. तेव्हा अहवालातला अंक वाचताना, अशा वयाच्या आणि अशा अवस्थेतल्या स्त्रियांवर तो पारखला गेला होता का, हे आधी विचारायला हवे. आणि चाचणीचे उत्तर काहीही आले तरी उपचार तोच राहणार असेल, तर तिच्यावरचा खर्च उपचारासाठी राखून ठेवलेला बरा.