माधानची नावंग भाषा

चांदूर बाजार तालुक्यातील माधान हे गाव प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांमुळे वऱ्हाडात सर्वांना ठाऊक असले, तरी महाराजांनी ‘नावंग’ नावाची एक स्वतंत्र भाषा रचून तिचे व्याकरणही सिद्ध केले होते, याकडे भाषेच्या अभ्यासकांचेही लक्ष फारसे गेलेले नाही. ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळी येथे जन्मलेल्या आणि वयाच्या नवव्या महिन्यातच दृष्टी गेलेल्या या पुरुषाने ग्रंथ दुसऱ्याकडून वाचवून घ्यावेत, ऐकलेले स्मरणात ठेवावे आणि आपले म्हणणे लेखकाला तोंडी सांगून उतरवून घ्यावे, या रीतीने २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात देह ठेवेपर्यंत शंभरावर ग्रंथ सिद्ध झाले. नावंग ही त्याच प्रचंड उद्योगाची एक शाखा होय.

जी बोलीतून वाढत नाही, तर कोणी एकजण नियम ठरवून घडवितो, अशा भाषेला कृत्रिम भाषा म्हणतात. अशा भाषेचे भवितव्य व्याकरणाच्या नेटकेपणावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते तिच्याभोवती जमणाऱ्या मंडळीवर आणि त्या मंडळीच्या मुखपत्रावर असते. पोलंडमधील डोळ्यांचे डॉक्टर झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये एस्पेरांतो प्रसिद्ध केली, दोनच वर्षांत न्यूरेंबर्गहून ‘ला एस्पेरांतिस्तो’ हे मासिक निघाले, आणि १९०५ च्या बुलोन येथील परिषदेत या भाषेवर कोणाचीही मालकी नाही, असे जाहीर झाले. त्याआधीच्या वोलाप्यूक भाषेचे कर्ते श्लायर यांनी मात्र अखेरचा शब्द आपल्याकडेच ठेवण्याचा हट्ट धरला, अनुयायांत फूट पडली आणि भाषा मागे पडली.

मंडळीच्या बळावर टिकण्याचे उदाहरण, भाषेचे नसले तरी लिपीचे, माधानच्या शेजारीच आहे. चांदूर बाजारला लागून असलेल्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे पीठ. लीळाचरित्राची जुळणी तेथेच झाली, आणि पुढे चौदाव्या शतकात पंथीयांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सकळ लिपी, म्हणजे ओळखीच्या अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर वा चिन्ह योजणारी सांकेतिक लिपी, वापरात आणली. हेतू दार बंद ठेवण्याचा, तरीही ती शतकानुशतके टिकली. कारण पंजाब-पेशावरपर्यंतच्या मठांत तिच्या पोथ्यांच्या नकला होत राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांना तिची किल्ली मिळाली, तेव्हा कुठे जुन्या मराठी गद्याचे हे दालन उघडले.

नावंगच्या वाट्याला ना असे मठ आले, ना मुखपत्र. महाराजांचा शिष्यसंप्रदाय मोठा, पण त्याचा ओढा मधुराद्वैताकडे, म्हणजे भक्ती आणि अद्वैत यांची सांगड घालणाऱ्या त्यांच्या विचाराकडे. भाषा चालविणे हे कोणी आपले काम मानले नाही, आणि त्यात त्यांचा दोष काढण्याचेही कारण नाही. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालेले आहे. सकळ लिपीइतकेच नावंगचे व्याकरणही त्याने अभ्यासास घ्यावे. उंबरठ्याजवळचा याहून मोलाचा विषय त्याला मिळणार नाही.