पोर ठेवायचं कुणाकडे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

सुरुवात एका रीलने करतो. तसल्या रील तुम्हालाही येत असतील. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी, जुन्या साडीची झोळी, चकचकीत पितळी बोंडलं, शेगडीवर ओव्याची धुरी, मागे हळुवार बासरी. आणि खाली लिहिलेलं की आमच्या आज्यांना कुठलंही अ‍ॅप लागलं नाही. मागच्या जुलैमध्ये ताई बाळंतपणाला लोणावळ्याला आली होती. बाळ दिवसा झोपायचं आणि रात्री दोनला गॅदरिंग सुरू करायचं. अशाच एका रात्री मी ती रील आजीला दाखवली. वाटलं, खूश होईल. तिने दोनदा बघितली आणि म्हणाली, "पोर छान झोपलंय. पण याची आई कुठाय?"

खरंच, आई कुठेच नव्हती. वस्तू सगळ्या होत्या. आजचा एपिसोड म्हणजे आजीच्या त्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर.

आधी आपला पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुणे शहरात साधारण सातशे. पर्यटकांना यात धबधबा दिसतो. आजीला दिसतात लंगोट. तिचं सासर नाणे मावळात. तिथे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कापड उन्हात वाळणं हा प्रकारच नाही. दिवसाला वीस-पंचवीस लंगोट, चार दुपटी. मग कोंबड्या झाकायचा डालगा शेगडीवर उलटा घालायचा, आत निखारे, वरून ओले लंगोट पसरायचे. सगळ्या घराला तो धुरकट, आंबूस वास. निखारा जास्त फुलला तर लंगोटाला भोक, कमी पडला तर लंगोट दमट, आणि दमट लंगोटाने पोराला पुरळ. आजी म्हणते, "रात्री पोर रडलं म्हणून कमी आणि लंगोट वाळला का बघायला जास्त उठायचो."

आणि मावळात पाऊस म्हणजे भातलावणी. आता आपण इंद्रायणी तांदूळ, इंद्रायणी तांदूळ करतो, पण ते वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिलं. आजीच्या तरुणपणी आंबेमोहोर होता. वाण कुठलंही असो, लावणी हातानेच. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरलं, कंबर दिवसभर वाकलेली. पाऊस बाळंतिणीसाठी थांबत नाही. पुस्तकात बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती असते, शेक असतो, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू असतात. ते खोटं नाही. पण ते ज्या घरात काम करणारे दुसरे हात होते, तिथलं. आजी पहिल्या बाळंतपणानंतर विसाव्या दिवशी शेतात होती, कारण ते बाळंतपण जुलैत आलं. कार्तिकात झालेल्या माझ्या बाबांच्या वाट्याला मात्र पूर्ण सव्वा महिना आला. कुठल्या महिन्यात जन्मलात यावर तुमची आई तुम्हाला किती मिळणार ते ठरायचं.

आता बाळगुटी. ही मला मनापासून आवडते, कारण यात हिशोब आहे. मुरडशिंग, हिरडा, बेहडा, वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, खारीक, बदाम. प्रत्येक वस्तू सहाणेवर दुधात किंवा पाण्यात ठरावीक वेळा फिरवायची, त्याला वेढे म्हणतात. पोट दुखत असेल तर मुरडशिंगाचा एक वेढा जास्त, सर्दी असेल तर वेखंडाचा, झोप हवी असेल तर जायफळाचा. बाळ मोठं होईल तसे वेढे वाढवायचे. म्हणजे वजन-माप काही नसताना डोस ठरवायची पद्धत. आजही आजी ताईला सांगत होती, "जायफळ एकच वेढा, दोन नको." ताईच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं की सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही तोच आहे. आजी दोन दिवस रुसली, मग सहाण धुऊन ठेवली.

पण रुसवा काढताना ती जे बोलली, त्यावरून हा सगळा एपिसोड सुरू झाला. म्हणाली, "एका वेढ्याला एवढं घाबरता. माझ्या आईकडं तर गोळी असायची."

कसली गोळी? तर बाळागोळी. आणि ती गोष्ट मावळातली नाही, मुंबईतली आहे. आजीचा जन्म परळच्या चाळीतला. तिची आई, म्हणजे माझी पणजी, गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. घाटावरून, कोकणातून लोक मुंबईला गेले, त्यातलंच हे एक कुटुंब.

इथे जरा थांबून एक गंमत सांगतो, कारण ती लोणावळ्याची आहे. वळवण, लोणावळा, शिरोता ही धरणं आपण सेल्फीसाठी वापरतो. टाटांनी ती बांधली वीज करायला. फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्यात पायाभरणी झाली आणि १९१५ साली घाटाखाली खोपोलीला वीज तयार व्हायला लागली. ती वीज गेली मुख्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांना. म्हणजे ज्या पावसामुळे आमच्या घरातले लंगोट वाळत नव्हते, त्याच पावसावर पणजीच्या गिरणीसारख्या गिरण्यांची यंत्रं फिरत होती. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

तर गिरणी. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत दर पाचांमागे साधारण एक बाई होती. १९२२च्या कायद्याने दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास आणि आठवड्याला साठ, आणि ही सुधारणा मानली गेली! आता विचार करा, खोलीत दोन महिन्यांचं बाळ आहे आणि तुम्ही अकरा तास बाहेर आहात. शेजारची म्हातारी बघते, पण तिच्याकडे अशी चार पोरं. मग सकाळी निघताना बाळाला एक बारीक गोळी. तिच्यात अफू. बाळ गप्प झोपतं, भूक लागली तरी रडत नाही. आई दुपारी किंवा संध्याकाळी परत येते तेव्हाही ते पेंगतच असतं.

हे एखाद-दुसऱ्या घरातलं नव्हतं. मुंबई सरकारने कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीची चौकशी करायला डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंना नेमलं होतं. त्यांचा अहवाल १९२२ साली आला. त्यांनी लिहिलं की गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते. शंभरात अठ्ठ्याण्णव. अफू श्वास मंदावते, भूक मारते. ज्याला आपण 'शांत बाळ' म्हणतो, ते कधी कधी उपाशी बाळ असायचं.

याच काळातला आणखी एक आकडा सांगतो, पण तो जपून वापरायचा. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आतल्या मृत्यूंचा आकडा सहाशेच्या वर होता, एका खोलीत राहणाऱ्यांमध्ये तर आठशेच्या वर. पहिल्यांदा वाचल्यावर मला वाटलं, छापताना चूक झाली असणार. तशी चूक नाही, पण भागाकारात एक गोची आहे. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी यायच्या. जन्म नोंदला जायचा गावाकडे, नाहीतर कुठेच नाही. मग त्या बाळ घेऊन मुंबईला परतायच्या आणि मृत्यू नोंदला जायचा मुंबईत. वरचा आकडा शहराचा, खालचा अर्धवट. खरा दर याहून कमी असणार. तरी तो कमी करून करून किती करणार? तुलनेला म्हणून, १९७१ साली महाराष्ट्रात हजारी १०५ बाळं वर्षाच्या आत जायची. २०२० साली १६.

पणजीने आजीच्या थोरल्या भावाला गोळी दिली होती. तो तीन वर्षांचा होऊन गेला. पणजी शेवटपर्यंत सांगायची की गोवराने गेला. मी आजीला खोदून विचारलं. ती म्हणाली, "आई म्हणायची ना गोवरानं, म्हणजे गोवरानंच." पुढे मी विचारलं नाही.

मला पणजीचा राग येत नाही. कुणालाच येऊ नये. तिच्यापुढे पर्याय काय होते ते बघा. बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदाच हिंदुस्थानात नव्हता. ना. म. जोशींनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात विधेयक आणलं, ते पडलं. मग मुंबई कायदेमंडळात असं विधेयक आलं तेव्हा जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. मुद्दा असा की आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. सात आठवडे, दिवसाला आठ आणे.

म्हणजे गोष्ट सुखांत? थांबा. पुढच्या काही दशकांत गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण घसरत गेलं. कारणं बरीच होती: रात्रपाळीत बायका नकोत हा नियम, वाइंडिंगला आलेली नवी यंत्रं, आणि हो, रजेचा खर्च. बाळाला अफू लागू नये म्हणून रजा आणली, तर काही जणांना रजा लागू नये म्हणून बाईच नको झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासच्या वर कामगार स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६ साली तो आकडा तीसवर आणला. तोपर्यंत पणजी मुंबई सोडून मावळात परतली होती.

या सगळ्यात एक बाटली राहिलीच, ग्राइपवॉटर. ज्या जाहिरातीत प्रत्येक आजी पुढच्या पिढीला तीच बाटली द्यायला सांगते, ती आठवतेय ना? वुडवर्ड नावाच्या माणसाने ते १८५१ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमला काढलं, आणि मूळ पाकृतीत शेपूच्या तेलाबरोबर अल्कोहोलही होतं. म्हणजे तिकडच्या आयांचा प्रश्नही फार वेगळा नव्हता. असो.

परत गावाकडे येऊ. अफू नाही, पाळणाघर नाही, सासू स्वतः शेतात. मग बाळ कुणाकडे? याचं उत्तर मावळातल्या बहुतेक घरांत एकच होतं: थोरल्या मुलीकडे. सात-आठ वर्षांची पोर, कडेवर धाकटं भावंडं. हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. अनुताई आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. १९४५ साली दोघींनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्यांच्या लक्षात आलं की आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेला येत नाहीत, कारण त्या ड्यूटीवर आहेत. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. भावंडाला घेऊनच ये, त्याला इकडे ठेव, तू तिकडे बस. इतकं साधं. अंगणवाडी हा शब्दही आपल्याकडे त्यांच्याच कामातून रुळला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना यायला मात्र २ ऑक्टोबर १९७५ उजाडला.

आमच्या घरी ती पोर म्हणजे माझी आत्या. वर सांगितलेलं जुलैतलं पहिलं बाळंतपण तिचंच. माझ्या बाबांना तिने वाढवलं. बाबा सगळ्यांना अभिमानाने सांगतात, "मी ताईच्या कडेवर मोठा झालो." हा एपिसोड करताना मी आत्याला फोन लावला आणि विचारलं, "आत्या, तू शाळा कितवीपर्यंत शिकलीस गं?" म्हणाली, "तिसरी. चौथीच्या वर्षी तुझा बाप झाला."

आणि मग हसली. म्हणाली, बाई वर्गात बसू द्यायच्या त्याला घेऊन, पण तो गणिताच्या तासालाच रडायचा.

ताईची रजा सव्वीस आठवड्यांची. २०१७ च्या दुरुस्तीने ती बारावरून सव्वीसवर आली, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोयही बंधनकारक झाली. तिच्या ऑफिसने ती सोय कागदावर दाखवली आहे, प्रत्यक्षात तिथून गाडीने पाऊण तासावर. रजा जानेवारीत संपली. आठवडाभर घरात तोच एक विषय होता: आई नोकरी सोडेल का, सासूबाई येतील का, तळेगावात बाई मिळेल का. ताईचा नवरा एक्सेल शीट घेऊन बसला होता. त्यात सगळे कॉलम होते, भरलेला एकही नव्हता.

शेवटी आत्या आली. बासष्ट वर्षांची आहे, डावा खांदा थोडा उतरलेला. सकाळी ताई हिंजवडीला निघाली की ही बाळाला उचलते आणि त्याच डाव्या बाजूला घेते. परवा मी शनिवारच्या लोकलने तळेगावला गेलो होतो. बाळ झोपलेलं, आत्या खुर्चीत, आणि मांडीवर ताईच्या जुन्या शाळेचं चौथीचं गणिताचं पुस्तक. माळ्यावर सापडलं म्हणाली. मला विचारलं, "हे दशांश अपूर्णांक म्हणजे काय रे? तेवढं सांग, हा उठायच्या आत."