खरेदीनंतरचा पस्तावा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणत्याही गावच्या पेठेतून एक फेरी मारावी. दारांवर झेंडूची तोरणे, पांढऱ्याशुभ्र गादीवर नवी कोरी चोपडी, तिच्यावर हळदकुंकू, समोर तेवणारी समई आणि भिंतीवर कमळातली लक्ष्मी. त्याच भिंतीवर, बहुधा लक्ष्मीच्या पायांशीच, एक पाटी असते : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आपण लहानपणापासून ही पाटी इतक्या ठिकाणी वाचत आलो आहोत, की व्यापाराचा हा सनातन नियमच असावा असे आपल्याला वाटू लागले आहे. पण सनातनच म्हणायचे झाले, तर नियम अगदी उलटा आहे. विकलेला माल परत घ्यावा लागे. किती दिवसांत घ्यावा आणि किती कापून घ्यावा, एवढाच काय तो प्रश्न असे.

खोट्या मालाची तक्रार मात्र खरोखरच सनातन आहे. अशा तक्रारींत सर्वांत जुनी म्हणून जी ओळखली जाते, ती मातीच्या विटेवर लिहिलेली आहे. आजच्या इराकमधल्या ऊर या प्राचीन नगरीचे उत्खनन सर लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात केले. तिथल्या एका घरात ही वीट मिळाली. साडेअकरा सेंटीमीटर उंच, पाच सेंटीमीटर रुंद. तळहातावर सहज मावेल. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १७५० साली नन्नी नावाच्या एका गृहस्थाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला लिहिलेले हे पत्र. एआ-नासिर समुद्रमार्गे दिलमूनहून, म्हणजे आजच्या बहारीनकडून, तांबे आणून विकत असे. नन्नीचे म्हणणे असे, की उत्तम प्रतीच्या लगडी देतो म्हणून शब्द दिलास आणि प्रत्यक्षात माझ्या माणसापुढे निकृष्ट माल टाकलास. वर त्याला म्हणालास, घ्यायचा तर घे, नाही तर चालता हो. माझे पैसे परत मागायला मी चांगली कुलीन माणसे शत्रूच्या मुलखातून पाठवली, त्यांना तू अनेकदा रिकाम्या हाताने परत धाडलेस. मला समजतोस तरी कोण? यापुढे हलका माल मी घेणार नाही. माझ्या अंगणात एकेक लगड पारखून निवडून घेईन, आणि नको ती परत करीन.

पावणेचार हजार वर्षे उलटली, पण त्या पत्राचा ताव अजून निवलेला नाही. नन्नीला हलक्या तांब्याइतकाच अपमानही झोंबला आहे, हे वाचताक्षणी कळते. त्याच घरात असंतुष्ट गिऱ्हाइकांची आणखीही पत्रे सापडली. एआ-नासिरची पेढी कोणत्या वळणाची होती, हे त्यावरून समजावे!

आता आपल्याकडे वळू. आपल्या धर्मशास्त्रकारांनी न्यायालयात येणाऱ्या भांडणांचे अठरा वर्ग केले, त्यांना 'व्यवहारपदे' म्हणतात. त्यांतच खरेदी-विक्रीच्या पस्ताव्याला एक स्वतंत्र जागा दिली आहे. मनूने त्याला 'क्रयविक्रयानुशय' म्हटले. नारदाने खरेदीदाराचा पस्तावा वेगळा काढून 'क्रीतानुशय' हे नाव दिले. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. हा शब्द मला फार आवडतो. माणूस बाजारात जातो, भुलतो, पैसे टाकतो, घरी येतो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला वाटू लागते, की आपण फसलो. मनाच्या या घरगुती, किंचित हास्यास्पद अवस्थेला ज्यांनी कायद्यात प्रकरण दिले, ती माणसे पोथीत डोके घालून बसलेली नव्हती. त्यांनी बाजार पाहिलेला होता.

नारदाचा नियम असा. वस्तू घेतली आणि वाईट खरेदी झाली असे वाटले, तर त्याच दिवशी, वस्तूला धक्का न लावता, ती परत करावी. पूर्ण किंमत मिळते. दुसऱ्या दिवशी परत केली तर किमतीचा तिसावा भाग सोडावा लागतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू घेणाऱ्याची झाली. मनूने दहा दिवस दिले आहेत. कौटिल्याने अर्थशास्त्रात माणसाचा धंदा पाहून मुदत ठरवली : व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गोपालांना पाच. व्यापारी रोज बाजारात बसतो, त्याला माल पारखायला एक रात्र पुष्कळ झाली. गुराखी रानातून येणार, त्याला वेळ हवा, असा त्यामागचा हिशेब दिसतो.

सर्वांत शहाणपणाचा नियम याज्ञवल्क्याचा. त्याने माणसाकडे न पाहता मालाकडे पाहिले. लोखंड पारखायला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात आणि बियाण्याला दहा. का, ते पाहा. म्हैस विकताना दूध तुंबवून कास भरगच्च दाखवता येते. ते ढोंग तीन दिवसांत उघडे पडते. बैल लंगडतो की काय, हे चार-पाच दिवस जुंपल्याशिवाय कळत नाही. रत्न दहा जाणत्यांना दाखवून यावे लागते. आणि बी पेरून उगवेपर्यंत आठ-दहा दिवस जाणारच. खोट किती दिवस लपून राहू शकते, त्यावर परतीची मुदत!

मात्र या यादीवर फार फुशारून जायला नको. बी-बियाणे आणि बैल यांच्याच ओळीत याज्ञवल्क्याने विकत घेतलेल्या दासीला एक महिना आणि दासाला अर्धा महिना दिला आहे. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या शिलालेखातही हेच : घेतलेल्या गुलामाला महिन्याच्या आत विशिष्ट रोग जडला, तर तो परत करावा आणि चांदी परत घ्यावी. रोमच्या बाजारात देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा परतीचा नियमही गुलाम आणि गुरे यांच्यासाठीच प्रथम निघाला. पैसे परत मिळवण्याच्या हक्काचा इतिहास लिहिताना, ज्यांना 'सदोष माल' म्हणून परत पाठवले गेले त्या माणसांवरून नजर वळवता येत नाही.

विकणाऱ्याच्या लबाडीचाही नारदाने विचार केला आहे. चांगला नग दाखवून हातात खोटा दिला, तर किमतीच्या दुप्पट खरेदीदाराला आणि तेवढाच दंड राजाला. उलट बाजूनेही तो सावध आहे. वापरून मळवलेले वस्त्र, घेताना त्यात दोष असला तरीही, परत करता येत नाही. कापड एकदा धुतले की किमतीचा आठवा भाग गेला, दुसऱ्यांदा चौथा, तिसऱ्यांदा तिसरा, चौथ्या धुण्याला किंमत निम्मी, असे कोष्टकच त्याने मांडले आहे. आमच्या शेजारच्या एका बाईंनी मागे दिवाळीला एक साडी घेतली. रंगाची हमी दुकानदाराने तोंडभरून दिली होती. पहिल्याच धुण्यात काठाचा रंग पदरावर उतरला. साडी घेऊन त्या दुकानात गेल्या, तेव्हा गादीवरच्या गृहस्थांनी तोंडातून अक्षर न काढता नुसते भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. नारदापुढे तंटा गेला असता, तर 'वस्त्र धुतलेले आहे' एवढा तरी मुद्दा दुकानदाराला मांडावा लागला असता. नुसत्या बोटावर भागले नसते.

या निरनिराळ्या मुदतींचा मेळ घालण्याचे काम टीकाकारांनी केले. चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळी कल्याणी नगरीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. मनूचे दहा दिवस घर, शेत, वाहन, पलंग अशा, वापराने लगेच न झिजणाऱ्या वस्तूंना लागू, असा उलगडा तिच्यात आहे. ही मिताक्षरा पुढे महाराष्ट्राचा प्रमाणग्रंथ झाली. इंग्रजांनीही तिला मानले, पण कुठे? वारसा, वाटणी, दत्तक या बाबतींत. भावाभावांच्या भांडणात विज्ञानेश्वर आणि दुकानातल्या भांडणात विलायतचा कायदा, अशी विभागणी झाली. १८७२ चा करार कायदा आला, १९३० साली मालविक्रीचा स्वतंत्र कायदा झाला, आणि क्रीतानुशयाचे प्रकरण पोथीत मिटून राहिले. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा जो प्रचंड इतिहास लिहिला, त्यात ते अभ्यासकांसाठी पुन्हा उघडले गेले एवढेच.

विलायतच्या कायद्याचे सूत्र एका लॅटिन वचनात होते : घेणाऱ्याने सावध असावे. त्याचा अर्थ समजायला १६०३ सालचा एक खटला पुरेसा आहे. लंडनच्या एका सोनाराने 'बेझोर' म्हणून एक खडा शंभर पौंडांना विकला. बेझोर हा काही जनावरांच्या पोटात तयार होणारा खडा. तो विषावर उतारा आहे अशी त्या काळची समजूत होती. फारसीतल्या 'पादजहर' या शब्दाचेच ते रूप. खडा खोटा निघाला. शंभर पौंड ही त्या काळी मोठी मिळकत. पण न्यायाधीश म्हणाले, सोनाराने हा बेझोर आहे एवढे नुसते सांगितले, त्याची हमी दिली नव्हती. सबब दावा चालत नाही. विकणाऱ्याने म्हणणे वेगळे आणि हमी देणे वेगळे! आपल्याकडच्या भिंतीवरच्या पाटीचा खरा पूर्वज शोधायचा तर तो मला या निकालात दिसतो.

पुढच्या तीनशे वर्षांत विलायतेतही हे सूत्र सैल झाले. आपल्या १९३० च्या कायद्यातही, गिऱ्हाइकाने गरज सांगून दुकानदाराच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला, किंवा वर्णनावरून घेतला, तर माल त्या लायकीचा असला पाहिजे अशी अट होती. तेव्हा कागदावर हक्क नव्हता असे नाही. पण तो बजावायचा कुठे? दिवाणी कोर्टात. वकील, मुद्रांक, तारखा. चाळीस रुपयांच्या इस्त्रीसाठी चारशे रुपये आणि चार वर्षे कोण घालवील? पेशवाईतल्या पुण्यात निदान वजने-मापे आणि बाजारभाव पाहायला कोतवाल होता. त्याची चावडी दिवाणी कोर्टापेक्षा जवळ होती.

हा उंबरठा खाली आणण्याच्या चळवळीशी मराठी माणसाचा जवळचा संबंध आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. 'गिऱ्हाईक' या शब्दाला आपल्याकडे थोडा लुबाडला जाण्याचा वास आहे. 'ग्राहक' हा शब्द जो प्रतिष्ठेने रूढ झाला, त्यात या मंडळींचा वाटा मोठा. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. जिल्ह्याजिल्ह्यात तीन सदस्यांचे मंच आले, त्यांत एक स्त्री असलीच पाहिजे असे ठरले. वकील आवश्यक नाही. साध्या कागदावरची तक्रार चालते. दोष दूर करा, माल बदलून द्या, किंमत परत करा, नुकसान भरून द्या, असे चार प्रकारचे हुकूम मंचाला देता येऊ लागले.

२०१९ साली या कायद्याच्या जागी नवा कायदा झाला आणि तो २०२० च्या जुलैपासून लागू आहे. सदोष माल परत घेऊन, पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पावती न देणे हीसुद्धा अनुचितच. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. आजचा कायदा मालात खोट असेल तर पाठीशी उभा राहतो. घरी आल्यावर रंग आवडला नाही, एवढ्यावर दुकानदाराला बांधत नाही. तिसावा भाग सोडून का होईना, निव्वळ मन पालटल्याचा पस्तावा नारदाने मान्य केला होता. तेवढ्यापुरता तो आजच्या कायद्याच्याही पुढे आहे.

आणि बियाणे? याज्ञवल्क्याने त्याला दहा दिवस का दिले, हे पाऊस पडून गेल्यावर मोकळ्या सरीकडे पाहत बसलेल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा पूर आला होता. साडी परत करता येते, इस्त्री परत करता येते. पेरलेले बी परत कसे करायचे? ते मातीत गेलेले असते, आणि त्याच्याबरोबर हंगामही. आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. राष्ट्रीय बीज निगमाचे म्हणणे असे, की बियाण्यांचा कायदा वेगळा आहे, शेतकऱ्यांनी ग्राहक मंचाकडे येण्याचे कारण नाही. शिवाय बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय दोष ठरवताच येत नाही. २०१२ च्या जानेवारीत निकाल लागला. शेतकरी हाही ग्राहकच आहे, असे न्यायालयाने सांगितले. आणि शेतकरी विकत घेतलेले बी सारेच पेरतो, उद्या खटला होईल म्हणून त्यातले मूठभर तो बाजूला काढून ठेवील अशी अपेक्षा करता येत नाही, असेही. निगमाची अपिले फेटाळली गेली.