बेघर व्यक्ती आणि पाळीव प्राणी
रस्त्यावर राहणारी माणसे व त्यांनी सांभाळलेली कुत्री-मांजरे यांच्यातील सहजीवन. ज्याला स्वतःच्याच पोटाची भ्रांत, त्याने प्राणी पाळणे म्हणजे त्या मुक्या जिवाचे हाल, हा यावरील नेहमीचा आक्षेप. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लेस्ली अर्व्हाइन यांनी बेघरांच्या मुलाखतींवर आधारलेल्या २०१३ च्या ग्रंथात वेगळे चित्र मांडले. हातात आलेला घास आधी कुत्र्याला आणि मग स्वतःला, असा अनेकांचा नेम असतो. कित्येकांना ही जबाबदारीच जगण्याचे कारण पुरवते. लंडनमध्ये व्यसनातून सावरत असलेल्या जेम्स बोवेन यांना २००७ मध्ये जखमी बोका सापडला; पुढे त्यानेच आपल्याला सावरले, असे त्यांनी लिहिले.

या प्राण्यांच्या औषधोपचारांची अडचण खरी आहे. पण तो दोष गरिबीचा, मायेचा नव्हे. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ‘स्ट्रीटव्हेट’ संस्था पदपथावर जाऊन अशा प्राण्यांवर मोफत उपचार करते. अनेक निवारागृहांत मात्र प्राण्यांना मज्जाव असतो. अशा वेळी सोबत्याला सोडण्यापेक्षा कित्येक जण थंडीत उघड्यावर झोपणे पत्करतात. म्हणून प्राण्याला दार बंद करणारा निवारा माणसालाही बाहेरच ठेवतो.