नाव कोणी सुचवायचं?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी बरंचसं जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय आधी जरा सरकारी फॉर्मसारखा वाटेल. इकॉलॉजी, म्हणजे परिसंस्थांचा अभ्यास, या क्षेत्रातल्या पुरस्कारांसाठी शास्त्रज्ञांची नावं सुचवतं कोण? पुरस्कार जाहीर झाला की आपण विजेत्याचं नाव वाचतो, फोटो बघतो. आपल्या आवडीचं माणूस राहून गेलं असेल तर निवड समितीला चार शब्द सुनावतो. पण त्या माणसाचं नाव समितीपुढे गेलं तरी होतं का, हे आपण विचारत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे असं दिसतं: समिती म्हणजे सॉर्टिंगचं फंक्शन. तुम्ही यादी द्या, ती क्रम लावून देईल. कितीही हुशार आणि प्रामाणिक समिती असली तरी यादीत नसलेलं नाव ती वर कुठून आणणार? तेव्हा खरा प्रश्न यादी कशी बनते हा आहे. आणि यादी बनते ती पत्रांनी. कुणीतरी आपला वेळ काढून दुसऱ्याच्या कामाबद्दल दोन पानं लिहितं, अजून दोघा-तिघांना पाठिंब्याची पत्रं लिहायला लावतं, कामाची यादी जोडतं आणि मुदतीच्या आत पाठवतं. विज्ञानाच्या इतिहासात हा पत्र लिहिणारा माणूस फारसा कुठे दिसत नाही. आज त्याच्याबद्दल बोलू.

सुरुवात अमेरिकेतल्या मिनेसोटापासून. तिथे सीडर बॉग लेक नावाचं एक छोटं, उथळ, दलदलीनं वेढलेलं तळं आहे. रेमंड लिंडमन नावाचा विद्यार्थी साधारण पाच वर्षं त्या तळ्यावर काम करत होता. सोबत त्याची बायको एलिनॉर. तळ्यात शेवाळ किती, ते खाणारे जीव किती, त्यांना खाणारे किती, असं सगळं मोजायचं. त्यातून त्यानं एक मोठी कल्पना मांडली: तळं म्हणजे जिवांची नुसती यादी नव्हे, ती ऊर्जेची वाहती साखळी आहे. सूर्याची ऊर्जा वनस्पतींत येते, मग एकेक पायरी वर सरकते, आणि प्रत्येक पायरीवर बराचसा भाग खर्ची पडतो. शाळा-कॉलेजात 'दहा टक्क्यांचा नियम' म्हणून आपण जे पाठ केलं, त्याचं मूळ इथे आहे. गंमत म्हणजे लिंडमनच्या स्वतःच्या तक्त्यात त्या तळ्यातल्या शाकाहारी जिवांसाठी १३.३ टक्के आणि त्यांना खाणाऱ्यांसाठी २२.३ टक्के असे आकडे आहेत. दहा हा गोल आकडा नंतर रूढ झाला.

१९४१ मध्ये डॉक्टरेट संपवून लिंडमन येल विद्यापीठात जी. इव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेला. हचिन्सन म्हणजे त्या काळचे तळ्यांचे मोठे अभ्यासक. १९३२ मध्ये येलच्या मोहिमेतून ते आपल्या लडाखमधल्या तळ्यांपर्यंतही येऊन गेले होते. लिंडमननं आपला लेख 'इकॉलॉजी' या नियतकालिकाकडे पाठवला. संपादक होते थॉमस पार्क. त्यांनी तो दोन नामांकित तळे-तज्ज्ञांना वाचायला दिला, पॉल वेल्च आणि चॅन्सी ज्यूडे. दोघांनीही नकार दिला. सिद्धान्त फार, आकडे कमी, असा एकूण सूर. वेल्च यांचं म्हणणं तर असं की लेख दहा वर्षं बाजूला ठेवावा.

दहा वर्षं! आणि लिंडमनकडे तर वर्षही नव्हतं. त्याला यकृताचा गंभीर आजार होता.

इथे हचिन्सन यांनी पार्क यांना पत्र लिहिलं. हे शास्त्र नुसती माहिती गोळा करत राहिलं तर पुढे जाणार नाही, कुणीतरी धाडसानं सिद्धान्त मांडायलाच हवा, आणि हा लेख ते करतो, असा त्यांचा मुद्दा होता. पार्क यांनी विचार केला, लिंडमननं लेखात दुरुस्त्या केल्या, आणि मार्च १९४२ मध्ये पार्क यांनी दोन्ही तज्ज्ञांचं मत बाजूला ठेवून लेख स्वीकारला. २९ जून १९४२ ला लिंडमन गेला. वय २६. लेख छापून आला ऑक्टोबरमध्ये, शेवटी हचिन्सन यांची टीप जोडून.

माझ्यापेक्षा लहान वयात हा माणूस गेला आणि आज जगभरची पाठ्यपुस्तकं त्याच्या चौकटीत लिहिली जातात. आता तुम्ही म्हणाल, हे काही पुरस्काराचं नामांकन नव्हतं. बरोबर. पण काम तेच होतं: ज्याचं ऐकलं जातं अशा माणसानं, ज्याचं ऐकलं जात नाही त्याच्यासाठी, नेमका मुद्दा मांडून, वेळेत पत्र लिहिणं. आज जलशास्त्राच्या अमेरिकन संस्थेत तरुण संशोधकाच्या उत्तम लेखासाठी लिंडमनच्या नावाचा पुरस्कार आहे. त्याच संस्थेत हचिन्सन यांच्याही नावाचा आहे. पत्र लिहिणारा आणि ज्याच्यासाठी लिहिलं तो, दोघं एकाच यादीत.

दुसरी गोष्ट हेन्री ग्लीसन यांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक क्लेमेंट्स यांचा दबदबा होता. त्यांच्या मते जंगल हे एका मोठ्या जिवासारखं: जन्मतं, वाढतं, प्रौढ होतं. ग्लीसन म्हणाले, तसं काही नाही. प्रत्येक वनस्पती आपापल्या गरजेप्रमाणे आणि योगायोगानं तिथे उगवते, त्यांचा मेळ दिसतो तो आपल्याला. १९२६ मधला त्यांचा यावरचा लेख आज अभिजात मानला जातो. त्या वेळी त्याला थंडा प्रतिसाद मिळाला. ग्लीसन न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात वनस्पतींच्या वर्गीकरणात रमले, आणि इकॉलॉजीवाल्यांनी त्यांना जवळपास विसरून टाकलं.

मग १९४७ मध्ये तीन अभ्यासकांनी त्यांचा मुद्दा पुन्हा चर्चेत आणला. पन्नाशीच्या दशकात रॉबर्ट व्हिटेकर आणि जॉन कर्टिस यांच्या कामातून त्या कल्पनेला जंगलातला पुरावा मिळाला. आणि १९५९ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेनं ग्लीसन यांना आपला 'एमिनंट इकॉलॉजिस्ट' पुरस्कार दिला. लेखानंतर ३३ वर्षांनी, वयाच्या सत्तरीच्या उत्तरार्धात. कल्पना तीच, माणूसही तोच. मधल्या काळात बदललं काय, तर त्यांच्या बाजूनं बोलणारी माणसं तयार झाली. सुदैवानं ते तोवर हयात होते. (९३ वर्षं जगले. पण पुरस्कारासाठी एवढं जगावं लागत असेल तर पद्धतीत काहीतरी गडबड आहे, नाही का?)

आता थोडं मोठ्या बक्षिसांकडे. नोबेलमध्ये इकॉलॉजीला जागा नाही. ती उणीव भरून काढायला स्वीडनमध्ये १९८० मध्ये क्राफोर्ड पुरस्कार सुरू झाला. खगोलशास्त्र, गणित, भूशास्त्र आणि जीवशास्त्र, त्यातही विशेषकरून इकॉलॉजी, अशी पाळी लावून तो दिला जातो. जीवशास्त्राच्या पाळीत पहिला मान १९८४ मध्ये डॅनियल जॅन्झन यांना मिळाला. पुढे ओडम बंधू, ई. ओ. विल्सन, रॉबर्ट मे अशी एकाहून एक नावं. एकाही नावावर बोट ठेवता येणार नाही. पण यादी सलग वाचा. १९८४ पासून पुढे जात राहा. पहिली स्त्री भेटते २०१५ मध्ये, जपानच्या तोमोको ओहता, आणि त्याही लोकसंख्येच्या अनुवंशशास्त्रातल्या. मग २०१९ मध्ये समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या सॅली चिझम. म्हणजे मधे ३१ वर्षं गेली.

मग त्या काळात इकॉलॉजीत बायका नव्हत्या का? होत्या की! रूथ पॅट्रिक घ्या. नद्यांमधल्या डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांवरून पाण्याचं प्रदूषण ओळखायची पद्धत उभी करणाऱ्या या बाई फिलाडेल्फियातल्या संस्थेत सुरुवातीची कित्येक वर्षं बिनपगारी काम करत होत्या. १९७२ मध्ये त्यांना 'एमिनंट इकॉलॉजिस्ट' मिळाला, १९७५ मध्ये टायलर पुरस्कार. म्हणजे कुणी नाव पुढे केलं तर समित्यांना ते दिसत होतं.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये या प्रकाराला 'मॅथ्यू परिणाम' असं नाव दिलं: ज्याच्याकडे आधीच मान आहे त्याच्याकडेच अजून मान जातो. आपल्याकडे म्हणतात तसं, असेल त्याच्या पोळीवर तूप. आणि ज्यांचं श्रेय त्या बाई आहेत म्हणून दुसऱ्याच्या खात्यावर जातं, त्याला इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी १९९३ मध्ये 'मटिल्डा परिणाम' म्हटलं. मर्टन यांच्या त्या लेखाचा मोठा आधार हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या मुलाखती होत्या, आणि लेखावर नाव एकट्या मर्टन यांचं! त्यांनी स्वतःच नंतर हे मोकळेपणानं मान्य केलं.

बरं, नाव पुढे केलं की संपलं का? तेही नाही. पत्रात काय लिहिलंय यावर बरंच अवलंबून असतं. २००३ मध्ये फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातली ३०० हून अधिक शिफारसपत्रं तपासली. क्षेत्र वेगळं, पण पत्र लिहिणाऱ्यांची सवय सगळीकडची. बायकांसाठीची पत्रं सरासरीनं लहान होती, आणि त्यांत मेहनती, मन लावून काम करणारी अशा शब्दांवर भर होता. पुरुषांच्या पत्रांत संशोधन जास्त दिसत होतं. आता तुम्ही समितीत बसलात असं समजा. एका पत्रात 'अतिशय कष्टाळू', दुसऱ्यात 'यांच्या या लेखामुळे या प्रश्नाकडे बघायची पद्धत बदलली'. कोणाला गुण द्याल?

मी जिथे नोकरी करतो तिथेही दर तिमाहीला टीममधल्या कुणाचं तरी नाव बक्षिसासाठी द्यायचं असतं. तिथे हेच दिसतं. रात्री दोनला सर्व्हर सावरणाऱ्याबद्दल 'हार्डवर्किंग, टीम प्लेयर' एवढंच लिहिलं जातं, आणि डेमो देणाऱ्याबद्दल आकड्यांसकट परिच्छेद येतो. पैज लावा, बक्षीस कोणाला जात असेल!

आता भारतात येऊ, कारण आपल्याकडे नाव सुचवायचा अधिकार हाच कळीचा मुद्दा होता. विज्ञानातला आपला मानाचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जाऊ लागला. ४५ वर्षांच्या आतल्या शास्त्रज्ञांसाठी. त्याचं नामांकन कुलगुरू, संस्थांचे प्रमुख, अधिष्ठाते, आधीचे विजेते अशांकडूनच यायचं. म्हणजे तुम्ही सह्याद्रीत दहा वर्षं बेडकांवर कितीही चांगलं काम करत असाल, पण तुमच्या डोक्यावर योग्य खुर्चीतलं माणूस नसेल, तर तुमचं नाव त्या टेबलापर्यंत पोचायलाच वाट नव्हती.

आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ यांना १९८६ मध्ये भटनागर मिळाला, आणि २०१५ मध्ये जेन लुबचेन्को यांच्यासोबत टायलर पुरस्कार. त्यांचं काम त्या तोडीचंच होतं, यात वादच नाही. पण त्यांच्याकडे हार्वर्डची डॉक्टरेट आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतली जागाही होती. त्यांच्या कामाची साक्ष देऊ शकणारी माणसं जगभर होती. आणि याच गाडगीळांनी आयुष्यभर सांगितलं काय, तर गावातल्या, रानातल्या माणसाला आपल्या परिसराचं जे ज्ञान आहे त्याची लेखी नोंद व्हायला हवी. लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या ही कल्पना त्यातूनच आली. जे नोंदलं जात नाही ते निर्णयाच्या वेळी मोजलंच जात नाही, हे त्यामागचं साधं गणित. मला वाटतं, माणसांच्या कामालाही हेच लागू पडतं.

म्हणून विज्ञानाचा इतिहास वाचताना मी हल्ली विजेत्यांच्या यादीशेजारी एक दुसरी, न दिसणारी यादी धरून बघतो: कुणी कुणासाठी लिहिलं. ती यादी बहुतेक वेळा बंदच असते. नोबेलची नामांकनं तर ५० वर्षं गुप्त ठेवतात. पण तिच्यात भर घालणं आपल्या हातात आहे. तुमच्यापैकी बरेच जण संशोधनात आहात, काही जण शिकवता, काही जण पक्षीनिरीक्षणाच्या गटांत आहात. तुमच्या ओळखीत असं माणूस नक्की असेल, ज्याचं काम तुम्ही वापरता आणि ज्याचं नाव कुठेच जात नाही. पुढची मुदत बघा. त्या माणसाला विचारा. 'कष्टाळू' हा शब्द गाळा. त्यानं काय शोधलं, त्यामुळे काय बदललं, हे दोन पानांत लिहा आणि पाठवा.

कदाचित पुरस्कार मिळणार नाही. पण निदान समितीनं नाव वाचलेलं असेल. लिंडमनसाठी पत्र गेलं तेव्हा त्याच्या हातात काही महिने होते. थोडा उशीर झाला असता, तरी ते पत्र त्याच्या मरणानंतरच पोचलं असतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर, तुमच्या मनात आलेलं ते नाव मला जरूर कळवा.